लॅपटॉप सुरू होत नाही, निदान का ते तरी सांगेल?

सबमिशनची आदली रात्र. प्रोजेक्ट रिपोर्ट नव्वद टक्के तयार आहे, झेरॉक्सवाला सकाळी साडेनऊला उघडणार आणि एक्स्टर्नल अकराला येणार. पावणेदोनला लॅपटॉप हँग होतो. तुम्ही वैतागून पॉवर बटण दाबून धरता, पुन्हा चालू करता आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटते: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. बस्स. पुढे काही नाही.

रूम पार्टनर डोळे चोळत म्हणतो, ‘‘गेली तुझी डिस्क.’’ शेजारच्या खोलीतला तज्ज्ञ म्हणतो, ‘‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मार.’’ सकाळी कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला तेच सांगतो, वर विचारतो, ‘‘आतला डेटा पाहिजे का? त्याचे वेगळे पडतील.’’

आता गंमत बघा. ही ओळ येण्याची कारणं अनेक असू शकतात. बायोसमधला डिस्कचा क्रम बदललेला असेल. डिस्कचं कनेक्शन सैल झालं असेल. लॅपटॉप सुरू करून देणारी छोटीशी फाइल खराब झाली असेल. किंवा डिस्क खरोखरच गेली असेल. पहिल्या तीन शक्यतांमध्ये तुमचा रिपोर्ट बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. धास्ती घ्यावी अशी शक्यता फक्त शेवटची. पण ओळ सगळ्यांना एकच! आणि त्या एका ओळीच्या भरवशावर आपण ‘फॉरमॅट मार’ म्हणून मोकळे होतो. म्हणजे मशीनने जे घालवलं नव्हतं, ते आपणच आपल्या हाताने पुसून टाकतो.

या न बोलणाऱ्या स्क्रीनकडे गेल्या दोन वर्षांत मोठ्या कंपन्यांचं आणि लिनक्सवाल्यांचं लक्ष गेलंय. विंडोजचा प्रसिद्ध निळा स्क्रीन काळा झाला, लिनक्सच्या क्रॅश स्क्रीनवर क्यूआर कोड आला. हा नुसता रंगरंगोटीचा मामला नाही. स्क्रीन काय सांगतो, यावर पुढचे काही तास तुमच्या हातात राहणार की दुसऱ्या कुणाच्या, हे ठरतं.

एक फाइल आणि ८५ लाख मशीन्स

सुरुवात १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारपासून करू. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरचं एक अपडेट सोडलं. त्यात गडबड होती. ७८ मिनिटांत ते मागेही घेतलं गेलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन्स आडवी झाली. विमानतळं, हॉस्पिटलं, बँका, टीव्ही चॅनेल, सगळीकडे निळे स्क्रीन. आपल्याकडेही चेक-इन अडलं आणि काही प्रवाशांच्या हातात चक्क पेनने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. तो फोटो तुम्हीही फॉरवर्ड केला असेल.

चुकीचं अपडेट तासाभरात मागे घेतलं, तर मग इतका गोंधळ का? कारण हे सॉफ्टवेअर मशीन सुरू होतानाच जागं होतं. मशीन सुरू झालं की ते कोसळायचं, मशीनलाही पाडायचं, की पुन्हा रीस्टार्ट. दुरुस्त फाइल इंटरनेटवर तयार होती, पण ती घ्यायला मशीन शुद्धीवर तर यायला हवं! क्लाउडमधल्या मशीन्ससाठी तर ‘पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, पंधरा वेळाही करावं लागू शकतं’ असा सल्ला दिला गेला.

खरा उपाय साधा होता. सेफ मोडमध्ये जायचं, एका फोल्डरमधली एक फाइल डिलीट करायची, रीस्टार्ट. माहितगार माणसाला पाच-दहा मिनिटांचं काम. पण ते प्रत्येक मशीनसमोर बसून करायचं होतं.

यातली एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. अनेक निळ्या स्क्रीनवर गुन्हेगाराचं नाव छापलेलं होतं. ‘व्हॉट फेल्ड’ आणि पुढे ‘सीएसएजंट डॉट सिस’. सीएस म्हणजे क्राउडस्ट्राइक, एजंट म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर. ज्याला कळत होतं त्याला पहिल्या मिनिटात कळलं. पण चेक-इन काउंटरवर रांग आवरणाऱ्या माणसाला त्या नावाचा काय उपयोग? नाव सांगणं वेगळं आणि काय करायचं ते सांगणं वेगळं.

४४६ बाइटमध्ये काय काय बसवणार?

मशीन इतकं तुटक का बोलतं, याला एक प्रामाणिक कारण आहे. किमान एके काळी होतं.

तुम्ही बटण दाबता तेव्हा विंडोज किंवा लिनक्स लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर उठतं आणि रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतं. मग ते बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रामला उठवतं. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला उठवतो. कर्नल बाकीच्या सेवा सुरू करतो आणि शेवटी लॉगिनचा स्क्रीन येतो. रिले रेसच म्हणा ना. प्रत्येक टप्प्यावर बॅटन एकाच्या हातात असतं आणि ज्याच्या हातून ते पडतं, त्यालाच बोलावं लागतं.

जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये बूटलोडरचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये बसवावा लागायचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींना, २ बाइट ओळखखुणेला. उरले ४४६. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ४४६ बाइटमध्ये मराठीची दीडशे चिन्हंही मावत नाहीत. आणि इथे तर तेवढ्या जागेत अख्खा प्रोग्राम आणि त्याचे एरर मेसेज, दोन्ही कोंबायचे होते.

लिनक्सच्या जुन्या ‘लिलो’ बूटलोडरने यावर भारी युक्ती काढली होती. ‘लिलो’ची इंग्रजीतली चार अक्षरं तो एकेक करून छापायचा, जसजसा टप्पा पार पडेल तसतशी. चारही अक्षरं आली, तर सगळं ठीक. दोनच अक्षरांवर थांबला, तर समजायचं की दुसऱ्या टप्प्यावर गाडी अडली. चार अक्षरांत निदान! पण ते वाचायला तुम्हाला मॅन्युअल तोंडपाठ हवं.

आता ही अडचण राहिलेली नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर आहे. त्यात बूटलोडरसाठी डिस्कवर वेगळं पार्टिशनच असतं, साधारण १०० एमबी किंवा त्याहून मोठं. कुठे ४४६ बाइट आणि कुठे १०० एमबी! ग्राफिक्स दिसतात, काही फर्मवेअरमध्ये माउससुद्धा चालतो. म्हणजे ‘जागा नाही’ ही सबब संपली. सवय मात्र तशीच राहिली.

निळ्याचा झाला काळा

क्राउडस्ट्राइक प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘विंडोज रेझिलियन्सी इनिशिएटिव्ह’ जाहीर केलं. जून २०२५ मध्ये त्याचा दिसणारा भाग समोर आला. विंडोज ११ मध्ये निळ्या स्क्रीनची जागा काळ्या स्क्रीनने घेतली. २०१२ च्या विंडोज ८ पासून भेटणारा तो रडका चेहरा गेला. २०१६ मध्ये आलेला क्यूआर कोडही गेला. (खरं सांगायचं तर त्या कोडचा फारसा उपयोग नव्हता. एरर कुठलीही असो, कोड सगळ्यांना एकाच सर्वसाधारण पानावर नेऊन सोडायचा.) आता एक साधं वाक्य, खाली स्टॉप कोड आणि अडखळलेल्या ड्रायव्हरचं नाव.

खरा बदल स्क्रीनच्या मागे आहे. त्याचं नाव ‘क्विक मशीन रिकव्हरी’. मशीन पुन्हा पुन्हा सुरू व्हायला नकार देत असेल, तर ते रिकव्हरीच्या छोट्या सिस्टीममध्ये जातं, तिथून इंटरनेटला जोडतं, मायक्रोसॉफ्टकडे या आजारावर औषध आहे का ते विचारतं आणि असेल तर लावतं. विंडोज ११ होममध्ये ही सोय आपोआप चालू असते. १९ जुलैला ही सोय असती, तर लाखो मशीन्ससमोर माणूस बसवायची वेळ कदाचित आली नसती.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही सोय साथीच्या रोगासाठी आहे. एकाच चुकीमुळे हजारो मशीन्स पडली, तर तिचा उपयोग. तुमच्या एकट्याच्या डिस्कने मान टाकली, तर तिकडे औषध नसतं. दोन, तिला इंटरनेट लागतं, तेही केबलचं किंवा साध्या पासवर्डवालं वाय-फाय. होस्टेलच्या ब्राउझरमध्ये लॉगिन करायला लावणाऱ्या वाय-फायवर तिची भिस्त ठेवू नका.

थोडक्यात, विंडोजचं म्हणणं असं: ‘तुम्ही काळजी करू नका, मी बघतो.’ बघता आलं तर उत्तमच. नाही आलं तर तुम्ही पुन्हा त्याच एका वाक्यासमोर बसलेले.

लिनक्सची उलटी वाट

लिनक्सवाल्यांनी नेमकं उलटं केलं. डिसेंबर २०२३ मध्ये सिस्टमडीच्या २५५ व्या आवृत्तीत एक छोटं टूल आलं. सिस्टीम सुरू होताना अगदी गंभीर बिघाड झाला, तर तो मेसेज पूर्ण स्क्रीनवर दाखवायचा, सोबत क्यूआर कोड. त्यानंतर जुलै २०२४ च्या लिनक्स ६.१० मध्ये कर्नल कोसळल्यावर नीट वाचता येईल असा स्क्रीन आला, आणि नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये त्यावरही क्यूआर कोड दाखवायची सोय झाली. हा कोड विंडोजच्या जुन्या कोडसारखा नाही. मशीनने शेवटच्या क्षणी काय काय केलं, त्याच्या नोंदीच त्यात भरलेल्या असतात. मशीन मेलं तरी पुरावा तुमच्या फोनमध्ये! सगळ्या डिस्ट्रोंमध्ये ही सोय चालू असतेच असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

भाषेच्या दृष्टीनेही ही कल्पना कामाची आहे. बूट होताना दिसणाऱ्या साध्या स्क्रीनवर देवनागरी धड उमटत नाही, कारण जोडाक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर तोवर जागंच झालेलं नसतं. ॲपलने २००२ मध्ये मॅकच्या क्रॅश स्क्रीनवर इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि जपानी अशा चार भाषांत सूचना दिली होती. सगळ्या भाषा स्क्रीनवर बसवणं कठीणच. पण कोड स्कॅन झाला की पुढचं पान फोनवर उघडतं, आणि फोनला मराठी छान येतं. ते पान मराठीत लिहायला आता तांत्रिक अडचण कुठलीच नाही.

पण लिनक्सकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. ऑगस्ट २०२४ चा किस्सा ड्युअल बूट करणाऱ्यांना आठवत असेल. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर बाद ठरवले. ड्युअल बूटच्या मशीनवर हे लागू होणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. झालं मात्र. अनेकांचं लिनक्स उघडेना. स्क्रीनवर काय, तर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ आणि ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. काहीतरी भयंकर बिघडलंय! हे वाचून कुणालाही वाटेल की लॅपटॉप हॅक झाला किंवा डिस्क गेली. प्रत्यक्षात फाइल्स शाबूत होत्या. बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्स उघडून एक कमांड द्यायची, पुन्हा चालू करायचं, एवढंच काम होतं. मेसेज खोटा नव्हता. पण त्याने माणसाला घाबरवलं आणि वाऱ्यावर सोडलं.

तिसरा प्रश्न कुणीच घेत नाही

मशीन पडलं की आपल्या मनात तीन प्रश्न येतात. काय झालं? आता काय करू? आणि सगळ्यात आधी येणारा: माझ्या फाइल्स आहेत ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिनक्स देऊ लागलंय. दुसऱ्याचं काम विंडोज स्वतःच करू बघतंय. तिसऱ्याबद्दल दोघंही गप्प. गंमत म्हणजे विंडोज ९५ चा निळा स्क्रीन निदान एवढं तरी सांगायचा की रीस्टार्ट केलंत, तर सेव्ह न केलेलं काम जाईल. तीस वर्षांनंतरच्या चकचकीत स्क्रीनवर ते वाक्य नाही.

यावर इंजिनीअर म्हणतील, ‘डिस्कवरचा डेटा शाबूत आहे अशी हमी बूटलोडर कशी देणार?’ मुद्दा बरोबर आहे. हमी देता येणार नाही. पण स्वतःपुरतं तर सांगता येईल! समजा, त्या रात्री स्क्रीनवर असं आलं असतं:

‘डिस्क सापडली आहे. तिच्यावरची विंडोज सुरू करणारी फाइल मात्र मिळत नाही. मी डिस्कवरचं काहीही पुसलेलं नाही. पेनड्राइव्ह लावला असेल तर काढून पुन्हा सुरू करा. तरीही हेच आलं, तर फॉरमॅट करण्याआधी फाइल्सची कॉपी काढून घ्या.’

पाच वाक्यं. यात मशीनला माहीत नसलेलं एक अक्षरही नाही. पण हे वाचलेला मुलगा ‘फॉरमॅट मार’ ऐकून मान डोलावणार नाही.

याची सुरुवात एका ठिकाणी झालीय. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते. मग काही बिघडलं, की बिटलॉकरचा स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. अनेकांना ही की म्हणजे काय तेच माहीत नसतं, आणि ती नसेल तर डेटा खरोखर गेला. २४एच२ आवृत्तीपासून या स्क्रीनवर तुमची की कोणत्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलीय, त्याची खूण दिसते. ईमेलचा थोडासा भागच, पण तेवढ्याने ‘अरे, हा तर माझा कॉलेजचा आयडी’ असं आठवतं. मदत करणारा मेसेज म्हणतात तो हाच.

एक इशाराही हवा. निळा स्क्रीन दाखवून त्यावर फोन नंबर छापायचा आणि ‘टेक सपोर्ट’च्या नावाखाली पैसे उकळायचे, हा ठगांचा जुना धंदा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर नंबर दिसला तर तो क्रॅश नव्हे, सापळा आहे.

तोवर आपण काय करायचं?

कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर चार गोष्टी.

एक, स्क्रीनवर काहीही आलं, तरी रीस्टार्ट करण्याआधी फोनवर फोटो काढा. ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं’ यावर कुणीच मदत करू शकत नाही.

दोन, कोण बोलतंय ते ओळखा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणजे फर्मवेअर. ‘ग्रब रेस्क्यू’ म्हणजे बूटलोडर. निळा-काळा स्क्रीन किंवा ‘कर्नल पॅनिक’ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. बॅटन कुणाच्या हातून पडलं ते कळलं की अर्धी शोधाशोध वाचते.

तीन, बिटलॉकरची की आजच शोधा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असेल, तर उतरवून दुसरीकडे ठेवा. त्याच लॅपटॉपवर नाही हं!

चार, दुकानात गेलात तर पहिलं वाक्य हे म्हणा: ‘‘आधी डेटाची कॉपी, मग बाकीचं.’’ पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइल्स बाहेर काढणं बऱ्याचदा जमतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकायचा घाट तुमच्यापैकी कुणी घातला असेल, तर ही कॉपी आधीच काढून ठेवा.

आणि कॉम्प्युटर, आयटीवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. यंदाच्या प्रोजेक्टमध्ये तुम्हीही कुठेतरी ‘समथिंग वेन्ट राँग’ असं लिहिलं असेल. व्हायवाच्या आधी ती ओळ उघडा आणि तिच्या जागी तीन वाक्यं लिहा: काय झालं, काय गेलं आणि काय नाही, आता काय करायचं. दहा मिनिटांचं काम आहे. उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी बूटलोडर लिहिणार आहे, आणि रात्री पावणेदोनला तुमची ती ओळ कुणीतरी एकटं बसून वाचणार आहे.